कुर्ल्याची फियाट : एका इटालियन मोटारीचा भारतीय वृत्तांत

मुंबई शहरात 'फियाट' हा शब्द बराच काळ एखाद्या कारखान्याचे नाव म्हणून वापरला जात नसे. तो एका विशिष्ट आकाराच्या गाडीचा वाचक झाला होता. १९७४ पासून त्या गाडीचे अधिकृत नाव 'प्रीमिअर पद्मिनी' असे होते आणि इटलीतील मूळ कंपनीचे नाव तिच्यावरून गेले होते. तरी टॅक्सीचालक, उतारू आणि गॅरेजमधील मेस्त्री तिला फियाटच म्हणत राहिले. लोकभाषेच्या ह्या हट्टामागे एका उद्योगाचा बराचसा इतिहास दडलेला आहे.

ह्या गाडीविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ती स्वदेशी यंत्रोद्योगाच्या यशाची खूण होय. दुसऱ्या मताप्रमाणे ती परवाना-पद्धतीने देशाच्या गळ्यात बांधलेले लोढणे होय. दोन्ही मते मांडणारे गाडीचे मूळ चरित्र सहसा पाहत नाहीत. ते पाहिले असता असे आढळते की, कुर्ल्यास ह्या गाडीचे भाग देशी झाले, परंतु तिचा आराखडा करणारी बुद्धी देशी झाली नाही. आणि तसे व्हावे अशी परिस्थितीही कोणी निर्माण केली नाही. ज्या उद्देशाने मुंबईत मोटारीच्या कारखान्याची कल्पना निघाली, त्याच्या कसोटीवर हा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गाडीचा मूळ वंश तुरीन नगरातला. १८९९ साली तेथे स्थापन झालेल्या फियाट कंपनीने १९३७ मध्ये '५०८ सी' ही गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनाच्या चार सिलिंडरांचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर आणि एकूण धारिता १०८९ घनसेंटिमीटर होती. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण तेच आकडे पुढे साठ वर्षांनीही कुर्ल्याच्या कारखान्यात चालू होते. आराखड्याच्या कामात दान्ते जाकोसा ह्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. लहान मोटारींच्या रचनेत ह्या गृहस्थाचे नाव पुढे जगभर झाले. १९३६ ची चिमुकली 'तोपोलिनो' आणि १९५७ ची 'नवी ५००' ह्या त्याच्याच कृती.

महायुद्धात फियाटच्या कारखान्यांवर बॉम्ब पडले. युद्धानंतर अमेरिकन साह्याने यंत्रसामग्री पुन्हा उभी राहिली, आणि १९५३ च्या मार्च महिन्यात जिनीव्हाच्या प्रदर्शनात '११००/१०३' ही नवी गाडी मांडली गेली. इंजिन मूळचेच, सुमारे ३६ अश्वशक्तीचे. परंतु गाडीचे अंग सर्वस्वी निराळे होते. पूर्वी लोखंडी चौकटीवर वरचा सांगाडा वेगळा बसवीत असत. येथे चौकट व सांगाडा मिळून पत्र्याचे एकच अंग करण्यात आले होते. त्यामुळे वजन घटले आणि तेवढ्याच शक्तीत गाडी ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास जाऊ लागली. चार दारे, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, आणि पुढील दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर, म्हणजे पुढचे दार मागच्या बाजूस उघडणारे. इटालियन लोक तिला 'मिल्लेचेन्तो' म्हणजे नुसते 'अकराशे' म्हणत.

ती कुटुंबाची गाडी होती हे तर खरेच. पण तेवढेच नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात तिची 'तुरिझ्मो वेलोचे' म्हणजे 'वेगवान प्रवासी' अशी एक आवृत्ती आली. कार्बुरेटर बदलून व दाब वाढवून तिची शक्ती पन्नासच्या घरात नेलेली होती आणि पुढील जाळीच्या मध्यभागी तिसरा दिवा बसविलेला होता. आठवडाभर कचेरीस नेणारी गाडी रविवारी शर्यतीत उतरविणारे हौशी लोक त्या देशात पुष्कळ होते. इंजिनाची कीर्ती तर ह्याही आधीची. १९४६ मध्ये पिएरो दुझिओ ह्या तुरीनच्या उद्योगपतीने काढलेल्या चिझितालिया कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या ह्याच अकराशे इंजिनावर बेतलेल्या होत्या. त्याच कंपनीच्या '२०२' ह्या गाडीला पिनिन फारिनाने दिलेले रूप इतके वाखाणले गेले की, १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती प्रदर्शनात ठेवली. मुंबईच्या टॅक्सीचे इंजिन आणि संग्रहालयात कलाकृती म्हणून मांडलेल्या गाडीचे इंजिन एकाच कुळातले, ही गोष्ट कुर्ल्याच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

येथे मुद्द्याची बाब अशी की, तुरीनमध्ये ही गाडी एका जागी कधी थांबली नाही. दर दोन-तीन वर्षांनी तिच्यात फेरफार होत गेले. १९६२ च्या '११०० डी' मध्ये सिलिंडरांचा व्यास वाढवून धारिता १२२१ घनसेंटिमीटर करण्यात आली. १९६६ मध्ये '११०० आर' आली. आणि १९६९ मध्ये पुढील चाकांना गती देणारी '१२८' ही सर्वस्वी नवी गाडी येताच अकराशेचे उत्पादन संपले. इटलीच्या उत्तर व दक्षिण भागांना जोडणारा 'सूर्याचा महामार्ग' १९५६ ते १९६४ ह्या काळात बांधला गेला, आणि अकराशेची भरभराटही त्याच काळातली. रस्ता, पगार आणि गाडी ही तिन्ही एकमेकांस ओढत पुढे गेली. सोळा वर्षांत गाडीचे काम झाले आणि ती निवृत्त झाली.

आता कुर्ल्याकडे वळावयाचे. कुर्ले हे १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत होते. मुंबईहून निघणारा जुना आग्रा रस्ता कुर्ल्यावरून भांडुप, ठाणे, भिवंडी, शहापूर असा कसाऱ्याच्या घाटास जातो. ह्याच रस्त्याच्या कडेस प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये उभी राहिली. तिचे संस्थापक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) ह्यांचा ह्या बाजूशी संबंध मोटारीच्या आधीचा होता. सोलापूरच्या ह्या उद्योजकाने आपला प्रारंभीचा लौकिक बांधकामाच्या मक्त्यांत मिळविला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणाऱ्या नळांचे काम ही त्यांच्या कंपनीची मोठी कामे होत. शहापूरचे पाणी मुंबईस गेले, पुढे त्याच मुंबईतील मोटारी शहापूरवरून नाशिकास धावू लागल्या. ह्या देवघेवीत शहापूरच्या वाट्यास काय आले हा प्रश्न वेगळा असला, तरी अप्रस्तुत नाही.

मोटारीच्या कारखान्याची कल्पना वालचंदांच्या आधी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी मांडली होती. १९३५ साली युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून त्यांनी मुंबईसाठी एक तपशीलवार योजना तयार केली. त्या काळी मुंबईत मोटारी बनत नव्हत्या असे नाही. १९२८ पासून जनरल मोटर्स कंपनी शिवडी येथे गाड्या जुळवीत होती. पण जुळविणे आणि बनविणे ह्यांतील भेद हाच विश्वेश्वरय्यांच्या योजनेचा गाभा होता. पेट्यांतून आलेले भाग जोडण्यात स्थानिक मजुराला रोजगार मिळतो, विद्या मिळत नाही. बाळासाहेब खेर ह्यांच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने योजनेस अनुकूलता दाखविली; परंतु १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि दिल्लीच्या सरकारने मदत नाकारली. वालचंदांनी अमेरिकेत फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. अखेर क्रायस्लरशी करार झाला. ह्याच सुमाराच्या प्रवासात विमानउद्योगातील एका अमेरिकन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना निघाला. मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हातून आधी विमानांचा कारखाना उभा राहावा, ह्यात त्या काळाच्या परिस्थितीचे सारे वैचित्र्य आले.

१९४७ मध्ये कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या गाड्या अमेरिकन बनावटीच्या होत्या : डॉज, डी सोटो, प्लिमथ. ह्या मोठ्या व पेट्रोल पिणाऱ्या गाड्या स्वतंत्र भारताच्या खिशाला परवडण्याजोग्या नव्हत्या. फियाटशी करार झाला तो १९५० नंतर. १९५१ च्या सुमारास प्रथम 'तोपोलिनो' येथे जुळविण्यात आली आणि १९५४ मध्ये नवी अकराशे आली. वालचंद तोपर्यंत राहिले नव्हते. १९४९ मध्ये पक्षाघात झाल्यानंतर ते व्यवहारातून निवृत्त झाले होते आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. कारखान्याची सूत्रे त्यांचे बंधू लालचंद हिराचंद ह्यांच्याकडे आली होती. वालचंदांच्या दूरदृष्टीने फियाट भारतात आली असे जे सरसकट लिहिले जाते, ते ह्या कालक्रमाकडे पाहता जपून स्वीकारावयास हवे. कारखाना निःसंशय त्यांचा. पण त्याला चार दशके जगविणारी गाडी त्यांच्या हयातीत कुर्ल्यातून बाहेर पडलीच नाही.

निर्णायक घटना ठरली ती १९५३ ची. जकात आयोगाच्या अहवालानंतर सरकारने असे ठरविले की, ज्यांच्याजवळ भाग देशात बनविण्याचा क्रमबद्ध कार्यक्रम असेल, त्याच कंपन्यांनी मोटारधंद्यात राहावे. तयार मोटारींची आयात १९४९ पासूनच बंद होती. जनरल मोटर्स व फोर्ड ह्यांनी काढता पाय घेतला. प्रवासी मोटारींच्या क्षेत्रात पुढे तीनच नावे उरली : कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईस प्रीमिअर. विश्वेश्वरय्यांनी केलेला जुळविणे व बनविणे हा भेद आता सरकारी धोरणच झाला. त्याचा चांगला परिणाम नाकारता येत नाही. ओतकाम, दाते पाडणे, पत्रा दाबणे, विजेची उपकरणे अशी एकेक विद्या देशात आली. कारखान्याच्या भोवती सुटे भाग करणारे लहान कारखाने वाढले. 'एलिगंट', 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' अशी नावे बदलत गाडी अधिकाधिक देशी होत गेली. १९६४ मध्ये '११०० डी' कुर्ल्यास आली, तिला येथे 'डिलाइट' म्हणत. पुढील दारे आता सरळ उघडू लागली, मागच्या बाजूस लहानसे पंख आले. मात्र इटलीतील १२२१ चे इंजिन तिला मिळाले नाही. जुने १०८९ चेच कायम राहिले.

गाडी स्थिरावली ती ह्या ठिकाणी. तिची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पत्रा दाबण्याचे साचे अतिशय महाग असतात, आणि त्यांचा खर्च वसूल होण्यास गाड्यांची संख्या मोठी लागते. कुर्ल्यास परवान्याने मिळालेली उत्पादनाची मर्यादा तुरीनच्या मानाने फारच लहान होती. साचे बदलावयाचे तर परकीय चलन हवे, आणि तेही सरकारी परवानगीवाचून मिळत नसे. दुसरीकडे ग्राहक रांगेत उभा होता. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींचे वितरण व विक्री ह्यांवर सरकारी बंधने आली होती आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. जो माल न बदलता खपतो तो बदलण्याची निकड कोणाला भासावी? १९६९ मध्ये सरकारने किमतीही कायद्याने ठरवून दिल्या. त्याविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ च्या अखेरीस 'प्रीमिअर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' ह्या निवाड्यात मोटारीची वाजवी किंमत कशी काढावी ह्याचा विचार न्यायालयास करावा लागला. उत्पादनखर्च व भांडवलावरील परतावा ह्यांचा हिशेब त्या प्रकरणात बारकाईने झाला. पुढील गाडीची रचना कोणी व कुठल्या पैशाने करावयाची, हा प्रश्न मात्र सरकारी धोरणात कधी ऐरणीवर आला नाही.

फियाटशी झालेला करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास गाडीचे नाव 'प्रीमिअर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून 'प्रीमिअर पद्मिनी' असे झाले. नाव देशी झाले, आराखडा १९६२ चाच राहिला. इटलीत तोपर्यंत तिचे उत्पादन बंद होऊन पाच वर्षे उलटली होती.

कारखान्याच्या आतल्या माणसांचा इतिहास स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे एकच गोष्ट नोंदविणे पुरे. मोटार-उत्पादन विभागातील कामगारांना ठराविक मर्यादेपलीकडील उत्पादनावर प्रोत्साहन-वेतन मिळत असे. १९७१ मध्ये कंपनीने एका कामगार संघटनेशी केलेल्या करारामुळे ह्या वेतनाची जुनी बैठक बदलली, म्हणून दुसऱ्या संघटनेचे कामगार दिवाणी न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९७५ च्या निकालात असे ठरले की, औद्योगिक विवाद कायद्याने निर्माण केलेल्या हक्कांसाठी त्याच कायद्यातील मार्गाने दाद मागावी लागेल. दिवाणी न्यायालयाचा तो विषय नव्हे. भारतीय कामगार-कायद्याच्या विद्यार्थ्यास प्रीमिअरचे नाव माहीत असते ते गाडीमुळे नव्हे, ह्या निकालामुळे. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात येथील नेतृत्व डॉ. दत्ता सामंत ह्यांच्याकडे गेले आणि त्यांनी मिळविलेल्या भरघोस पगारवाढीची चर्चा मुंबई-ठाण्याच्या सर्व औद्योगिक पट्ट्यात झाली. गाडी जुनी असली, तरी ती घडविणारा कामगार नव्या मागण्या करीत होता, एवढे त्यातून दिसते.

इटलीत जी कुटुंबाची गाडी होती ती भारतात कोणत्या कुटुंबाची झाली? डॉक्टर, वकील, वरिष्ठ अधिकारी, व्यापारी ह्यांच्या दारी ती उभी राहिली; दक्षिणेत मद्रासजवळच्या शोलावरम् येथील धावपट्टीवर हौशी लोकांनी फेरफार केलेल्या फियाटी शर्यतीत पळविल्या, आणि तेवढ्यापुरता तिचा मूळचा चपळ स्वभाव ह्या देशातही दिसला. परंतु कारखान्याच्या रस्त्यावरच, पन्नास-साठ मैलांच्या आत, शहापूर-मुरबाडच्या मुलखात ती सामान्य घरची गाडी कधीच झाली नाही. सापगावासारख्या गावांना रस्त्यावरचे वाहन म्हणून ओळखीची झाली ती १९४८ मध्ये सुरू झालेल्या राज्य परिवहनाची बस, आणि पुढे माणसांनी खचाखच भरलेली जीप. फियाट ही महामार्गावरून नाशिककडे जाताना दिसावयाची वस्तू होती. ज्या उद्योगासाठी देशाने परकी मोटारींस दार बंद केले, त्याचा लाभ इतक्या अरुंद वर्गापुरता राहिला, हा त्या धोरणावरील आक्षेप अजूनही पुरता खोडला गेलेला नाही.

सामान्य माणसाशी तिचा संबंध आला तो मुंबईच्या टॅक्सीच्या रूपाने. साठीच्या दशकापासून काळ्या-पिवळ्या रंगातील फियाटने जुन्या हिलमन, डॉज, प्लिमथ ह्या गाड्यांची जागा घेतली. टपावर सामानाचा कॅरिअर आणि पुढे डाव्या अंगास बाहेर बसविलेला मीटर ही तिची खूण ठरली. येथे न बदलण्याचा दोष गुण होऊन बसला. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग आजच्या गाडीस बसे. जुन्या बाजारात तो स्वस्तात मिळे. कोणत्याही नाक्यावरचा मेस्त्री पुस्तक न पाहता इंजिन उघडून बसवी. मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेत एकसंध अंगाचा पत्रा तळापासून गंजे, तोही तुकडे जोडून पुन्हा उभा करीत. तुरीनच्या अभियंत्यांनी वजन वाचविण्यासाठी केलेली रचना गल्लीतल्या वेल्डरने आपल्या परीने पुन्हा शिकून घेतली. देशी बुद्धी ह्या गाडीत कोठे उतरली असेल तर ती कारखान्याच्या आराखडा-विभागापेक्षा अशा दुकानांतून अधिक उतरली. ह्याची दुसरी बाजूही आहे : झिजलेल्या इंजिनांचा धूर शहराच्या छातीत गेला. दोन हजार सालानंतर न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना नैसर्गिक वायूवर जावे लागले, आणि पुढे टॅक्सीचे वयही नियमाने मर्यादित झाले.

शेवटचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली आणि रांगेची सवय मोडू लागली. प्रीमिअरने १९८५ मध्ये '११८ एनई' काढली. तीही फियाटच्याच जुन्या '१२४' वर आधारलेली. १९९० नंतर पद्मिनीस डिझेल इंजिन आले, गिअरचा दांडा सुकाणूवरून खाली आला. हे उपाय उशिराचे होते. ह्याच दशकात कंपनीने फ्रेंच प्यूजोबरोबर कल्याणच्या कारखान्यात, म्हणजे मुरबाडच्या वाटेवरच, '३०९' ही गाडी काढून पाहिली. काही वर्षांतच तो संसार मोडला. कुर्ल्याच्या जागेत फियाट कंपनी 'ऊनो'सह स्वतःच परत आली. ज्या कंपनीच्या आराखड्यावर कारखाना चार दशके जगला, तिचेच नाव पुन्हा त्याच्या दारावर लागले, आणि मधल्या काळात कुर्ल्यास स्वतःची म्हणता येईल अशी एकही गाडी जन्मली नव्हती.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास संपले. मुंबईच्या ताडदेव येथील परिवहन कार्यालयात टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि वीस वर्षांच्या नियमानुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. कारखान्याच्या कुर्ल्यातील जमिनीवर त्यापूर्वीच निवासी इमारती उभ्या राहिल्या होत्या.